गोधडीची गाठ
लोकेश लग्नपत्रिकांचं डीटीपी करायचा. अर्धा आठवडा भाईंदरला घरी, अर्धा उत्तनला बहिणीकडे, आजारी आईच्या उशाशी. बायको लॅपटॉप घ्या म्हणायची, पण मोठ्या पडद्याशिवाय अक्षरं नीट बसत नाहीत, हा त्याचा हट्ट. मग डेस्कटॉपच रिक्षातून न्यायचा. मॉनिटरला धक्के बसू नयेत म्हणून आईने आपली गोधडी दिलेली. एका सकाळी बहिणीचा फोन आला, "दादा, असशील तसा ये." पत्रिका तिथेच उरकू म्हणून त्याने वायरी काढल्या, मॉनिटर गोधडीत बांधला. शेवटची गाठ मारतानाच दुसरा फोन आला. आई गेली. महिना झाला तरी ती गाठ त्याला सोडवेना. काम अडलं, तशी बायकोने त्याला कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. "अहो, आता तरी लॅपटॉप घ्या." त्याने एका नव्या डेस्कटॉपकडे बोट दाखवलं. "लांब न्यायचाय? पॅकिंग डबल करतो," दुकानदार म्हणाला. "नको. हा आता कुठेच न्यायचा नाही."