रेडिएटरचं फडकं

बोरगावच्या जिनाप्पाची उतारू नेणारी नवी सर्व्हिस मोटार तवंदीच्या घाटात उकळली आणि बंद पडली. बैल जुंपून दोन दिवसांनी त्यानं ती बेळगावात मोटार कंपनीच्या एजंटाच्या दारात आणली. तीन महिन्यांच्या गॅरंटीतले अजून पंधरा दिवस बाकी होते.

एजंटानं छापील कागद पुढं सरकवला. "रेडिएटरच्या तोंडाला तुम्ही धोतराचं फडकं बसवलं होतं. कंपनीच्या गाडीला बाहेरची वस्तू जोडली की गॅरंटी संपली."

"आमच्यात बैलालासुदीक गाळूनच पाणी पाजत्यात. मग मोटारीला गढूळ कशापायी पाजायचं? आन् ते फडकं हाय कुठं आता?"

"मागच्या आठवड्यात तपासणीला आणलीत, तेव्हा आम्हीच काढून फेकलं. पाणी भरून गाडी परत दिली."

तेवढ्यात मिस्त्रीनं रेडिएटरची खालची तोटी उघडली. पाण्याबरोबर चिखल आणि शेवाळाचा गोळा बदकन खाली पडला.

जिनाप्पाचं डोकं सणकलं. "फडकं हुतं तवर गाडी रोज घाट चढली. तुम्ही पाणी कुठलं भरलासा?"

"मागच्या हौदातलं. चांगलं असतं ते."

जिनाप्पा तरातरा मागं गेला. हौदातून तांब्या भरून आणला आणि गॅरंटीच्या कागदावरच आदळला.

"प्या."

एजंटानं तांब्यात डोकावून पाहिलं आणि तो ताडकन उठला. "डोकं फिरलंय का तुमचं? न गाळता कोण पिईल हे?"