आरतीला उशीर

कोष्टीपुऱ्यातल्या देवळात बुवांचं रुक्मिणीस्वयंवराचं कीर्तन चार दिवस झाले तरी संपेना. रथ जागचा हलतच नव्हता. दिवाबत्ती पाहणारे भैयाजी अखेर कावले. आरती झाल्याबरोबर त्यांनी बुवांना गाठलं.

“बुवा, रॉकेल का फुकट येते? रोज आरतीले उशीर काहून करून राहिले?”

बुवांनी टाळ ठेवून घराकडे निघालेल्या नत्थू विणकराकडे बोट केलं. धंतोलीच्या डॉक्टरांनी महिनाभर औषध देऊन नुकतीच त्याची अफू सोडवली होती.

“येवढी महागाची दवाई घेतली त्यानं, अन् समोरच्या पानठेल्यावर अफूची गोळी चोरून भेटते. ठेल्याचा कंदील विझल्याशिवाय त्याच्या हातचे टाळ कसे सोडवू? दवाईपरीस तुमचं रॉकेल सस्तंच नं, भैयाजी!”



दुसऱ्या दिवशी रुक्मिणी एकदाची द्वारकेला पोचली. अक्षता पडल्या, आख्यान सरलं. बुवांचा घसा पार बसला होता आणि ठेल्यावरचा कंदील अजून भक्क जळत होता.

तेवढ्यात सभेतून भैयाजी हात जोडून उठले.

“बुवा, लग्नाले पाहुणे कोण कोण आले होते, ते राहूनच गेलं नं! सांगा, एकेकाचं नाव घेऊन सांगा.”