बारशाचं वायफाय

“बाबा, पिवळी वायर खटकन बसली का?”

“नाही बसून राह्यली ना, माय! अर्धी जाते अन् बाहेर येते.” उत्तमराव पालथे पडून राउटरच्या भोकात डोकावत होते. शेजारी स्टुलावर पुष्पाबाईंचा मोबाइल स्पीकरवर होता.

साडेअकराला बंगलोरात नातीचं बारसं होतं, शिवमच्या पोरीचं. पुष्पाबाईंचा खुबा मोडलेला, त्यामुळे प्रवास बंद. म्हणूनच तर दोघं डोणगावचं घर सोडून मेहकरात दवाखान्याजवळ आले होते. अख्खा जन्म अंगणात काढलेल्या माणसांचा हा पहिला फ्लॅट. तळमजल्यावर फोनवरचा आवाज कसाबसा यायचा, पण चित्र काही हलायचं नाही. वायफाय लागलं तरच बारसं दिसणार होतं. आणि ते जोडायला आलेला माणूस वायर अन् डबा टाकून जो गेला, तो गेलाच.

नांदुऱ्याच्या ऑफिसात बसलेली पोरगी मात्र तासभर फोन सोडत नव्हती. मागून कोणीतरी तिच्यावर खेकसलं, तरी तिनं “एकच मिनिट, सर” म्हणून ते मिनिट लांबवलं.

“लाइट लाल हाय का हिरवा?”

“लालच.”

“आईची गोळी राह्यली म्हणता ना? ती द्या पह्यले. मी हाय इथंच.”

उत्तमरावांना भरून आलं. एवढी कळवळ्याची पोर नशिबानंच मिळते, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुष्पाबाईंना गोळी दिली आणि पुन्हा जमिनीवर बैठक मारली.

पोरगी जरा विचार करून म्हणाली, “बाबा, डब्याची पूजा केली का हो?”

“करीन नाही त काय!” पुष्पाबाई पलंगावरूनच कडाडल्या. “नवी वस्तू हाय. हळद-कुंकू वाह्यलं, अक्षदा टाकल्या.”

“मंग एखादी अक्षदा भोकात असंन. बटण बंद करा अन् टाचणीनं काढा.”

टाचणीच्या टोकाशी कुंकवानं माखलेला तांदूळ बाहेर आला. वायर खटकन बसली. बटण लावल्यावर दोन मिनिटांत दिवा हिरवा झाला, तसे उत्तमरावांनी स्टुलावरच्या फोनलाच हात जोडले.

“आता पासवर्ड टाका. मले सांगू नका, कोणालेच सांगू नका.”

“तुयापासून काय लपवाचं?” म्हणत उत्तमरावांनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकलं. वरच्या मजल्यालाही ते पाठ झालं असेल. फोनवर पोरगी खळखळून हसली.

साडेअकराला उत्तमरावांच्या मोबाइलवर पाळणा दिसला आणि तो हललाही. पुष्पाबाईंनी पडद्यावरूनच नातीची दृष्ट काढली, कानशिलावर बोटं मोडली. डोळे पुसायलाही त्यांना सवड नव्हती.

“बाबा, समदे जमले,” शिवम म्हणाला. “पण कानात नाव कोण सांगते?”

उत्तमरावांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“आत्या सांगते ना! फोनवर हाय इथं.” उत्तमरावांनी स्टुलावरचा फोन उचलून पाळण्याच्या चित्राजवळ नेला. “सांग, माय. अर्पिता ठेवाचं हाय. अन् सकाळपासून तुमच्या वायफाय कंपनीच्या नंबरवर तुले एवढा तरास देला, पण तुयं नाव काय, हे इचारलंच नाही!”