ऐकण्याची जागा

नवरा जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा धाकटा दीर त्याचे स्पीकर सोडवून न्यायला आला.

"न्या एकदाचे, भावजी. सवतच होती ती माझी," ती हसत म्हणाली. त्या शेवटच्या आठवड्यात तिला एक गोड बातमी सांगायची होती, आणि नवरा मोजायची टेप घेऊन जमिनीवर रांगत होता. मान वर करील तर शपथ! मग अपघात झाला आणि सांगायचं राहूनच गेलं.

कॉम्प्युटरचं साउंड कार्ड गाण्याचे तीन भाग करी: जाड, मधला, बारीक. प्रत्येकाला वेगळा स्पीकर. तिन्ही आवाज कानाशी एकाच क्षणी पोचावेत म्हणून भावाने कोणत्या स्पीकरला किती थांबवलंय, ते सोडवण्याआधी दिराने कॉम्प्युटरवर वाचलं, टेपने मोजलं आणि गाणं लावून पाहिलं.

"वहिनी, दादाने हे सोफ्यासाठी लावलेलंच नाही. सगळं जुळतंय त्या कोपऱ्यात, जमिनीपासून दीड फुटावर. तिथं कोण ऐकणार होतं?"

कोपऱ्यात पाळणा होता. लेक दुसरीकडे कुठं निजेचना, म्हणून गेल्या महिन्यात तिनेच तो तिथं सरकवला होता.

"हे कधी लावलं त्यांनी?"

"तारीख अपघाताच्या आदल्या दिवशीची आहे. म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत त्याला?"

तिने मान हलवली. नाही.

गाणं चालूच होतं. दीर वायर काढायला वळला, तशी तिने त्याचा हात धरला.

"हळू, भावजी. ती ऐकतेय."