डाव्या खांद्यावरचा वळ

"गाडी बाबाच चालवत होते," जावई तिसऱ्यांदा म्हणाला. विचारलं कोणीच नव्हतं.

टेबलावर पडलेल्या सासऱ्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. "हो, मीच. सायकलवाली एकदम आडवी आली." ती सायकलवाली शेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये होती. वाचेल की नाही, कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. बाहेर बाकावर हवालदार कोणाला काय लागलं, याच्या डॉक्टरी कागदासाठी ताटकळला होता.

हाडांच्या डॉक्टरबाई मुळातच संशयी. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा माणसांच्या तोंडावरचा विश्वास उडाला होता, हाडांवरचा तेवढा शाबूत होता. एक्स-रेमध्ये टेबलावरच्या काकांचा डावा खांदा निखळलेला दिसत होता. नर्सने कात्रीने सदरा कापला आणि बाईंचे डोळे बारीक झाले. सीटबेल्टचा जांभळा वळ डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरला होता. ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्यावरून येतो तो शेजारी बसणाऱ्याचा.

बाईंनी बाह्या वर सारल्या. खांदा बसवताना पेशंटला बोलतं ठेवायचं, ही त्यांची जुनी खोड. मन गप्पांत गुंतलं की दंड सैल पडतो. नर्सने काकांच्या छातीभोवती चादर गुंडाळून घट्ट धरली. बाईंनी हात पकडून सावकाश ओढायला सुरुवात केली.

"गाडी कधीपासून चालवता, काका?"

"झाली की... चाळीस वर्षं."

"मग सवयच असेल. सायकल दिसल्यावर काय केलंत?"

"बाबांना त्रास होतोय," जावई मध्येच म्हणाला. "हे नंतर विचारा ना."

"तुम्ही जरा गप्प बसा हो! काका, समजा आत्ता आली सायकल. दाबा बघू क्लच."

काकांचे पाय टेबलावर जसेच्या तसे पडून राहिले. डाव्या हाताची चार बोटं मात्र बाईंच्या मनगटाभोवती गच्च आवळली, स्कूटरचा क्लच दाबावा तशी. मग ती सैल सुटली, खट्ट आवाज झाला आणि खांदा जागेवर बसला.

काकांनी डोळे उघडले. बाईंची नजर कुठे आहे ते पाहून त्यांनी बोटं चटकन मिटून घेतली.

"मुलीला आठवा महिना आहे, डॉक्टर," ते कुजबुजले. "माझं काय, मी जाईन आत. माझंच नाव लिहा."

बाईंना त्यांची दया आली. अगदी पोटातून आली. त्यांनी काकांचा हात झोळीत नीट अडकवला, गाठ मारली, अंगावर चादर ओढली.

मग त्या दाराकडे वळल्या. जावई मघापासून उजवा हात अंगाशी धरून उभा होता.

"जावईबापू, आता तुमचा शर्ट काढा."

जावयाचा डावा हात वरच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.