भिंगाखालचं तिकीट

बरेच दिवस कचरत शेवटी मी जव्हारच्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात नाव दिलं. टेबलावर अल्बम उघडला. माझ्या सर्वांत सुंदर तिकिटावर सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या बुरशीचं चित्र होतं. यंदाच्या पावसात त्या चित्रावर खरीच बुरशी चढली होती.

"अहो, पदराने पुसू का?" बायको कुजबुजली.

"नको, रंग जाईल."

"मग बसा! सगळ्यांदेखत बाद करतील."

तेवढ्यात परीक्षक आले. भिंग घेऊन नेमके त्याच तिकिटावर वाकले.

"काका, काय छपाई आहे! बोट फिरवलं तर बुरशी पुसली जाईल असं वाटतं."

आणि त्यांनी बोट पुढे केलं.



आयुष्यात कुणावर न ओरडलेला मी ओरडलो, "साहेब, हात लावायचा नाही!"