वरच्या बाटलीतले पाणी

“बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तुमच्याकडून उलट्या लागल्यात,” प्रयोगशाळेतील बाई फोनवर म्हणाल्या. “‘वर’ लिहिलेल्या बाटलीत नत्र जवळजवळ तिप्पट आहे. ‘खाली’ लिहिलेली त्या मानानं बरी. ओढ्याचं पाणी गोठ्याच्या आधी घाण आणि गोठ्याच्या नंतर स्वच्छ, असं कसं होईल? मी अदलाबदल करून अहवाल पाठवते. तुम्ही फक्त हो म्हणा. पाचला अर्ज बंद होतात.”

धाकटा त्या वेळी थोरल्या भावाच्या गोठ्यासमोर उभा होता. चार वाजून वीस मिनिटे झाली होती. व्यापाऱ्याचा ट्रक मागची फळी पाडून तयार होता, आणि पहिली गाय त्या फळीवर पाय ठेवण्यास राजी नव्हती.

“दहा मिनिटांत फोन करतो,” तो म्हणाला. तदनंतर त्याच्या जिवाची जी उलघाल सुरू झाली, ती काही केल्या थांबेना.

हकिकत अशी होती. ओढा प्रथम धाकट्याच्या रोपवाटिकेजवळून वाहत असे, मग थोरल्याच्या गोठ्याजवळून, आणि शेवटी गावाच्या तलावास मिळत असे. दोन उन्हाळे तलावावर हिरवी साय धरत होती. मासे उलटे तरंगले. नळाच्या पाण्यास वास येऊ लागला. लोकांनी गोठ्याकडे बोट दाखविले, कारण शेण डोळ्यांना दिसते. पाणी सुधारण्यासाठी सरकारी अनुदान निघाले, तेव्हा धाकटाच समितीचा चिटणीस झाला. त्याने नियम तोंडपाठ केले, अर्ज सुवाच्य अक्षरांत भरला, आणि भरसभेत थोरल्याची सही घेतली. सरकार शेणासाठी पक्की टाकी बांधून देणार होते. मात्र अर्जाच्या मुदतीच्या आत गाई निम्म्या कराव्या लागणार होत्या. छत्तीसांपैकी अठरा आज जावयाच्या होत्या.

“या भावजी,” वहिनी दावे धरून म्हणाली. “मोजून घ्यायला आलात? की एखादी जास्त गेली तर बरंच?”

व्यापारी हसला. “गाय शिकलेली दिसते. कागद वाचल्याशिवाय चढायची नाही.”

धाकटा फाटकापर्यंत गेला. फाटकापासून हौदापर्यंत आला. पुन्हा फाटकापर्यंत गेला. चिठ्ठ्या उलट्या लागलेल्या नव्हत्या. त्या त्याने स्वहस्ते, पाणी भरण्यापूर्वीच, न पुसणाऱ्या शाईने लिहून चिकटविल्या होत्या. ‘वर’ची बाटली त्याने दोघा भावांच्या सामाईक कुंपणापाशी भरली होती. तेथेच रोपवाटिकेचा चर ओढ्यास मिळतो. काचघरांतील रोपांना घातलेले खतपाणी त्या चरात उतरते. त्याला वास नाही, रंग नाही, त्यावर माशी बसत नाही. ‘खाली’ची बाटली गोठ्याच्या पलीकडली. तेथवर थोरल्याच्या कुरणातील झरा ओढ्यात मिसळून पाणी पातळ झालेले असते. हे सारे त्याला एका क्षणात उमगले.

एक ‘हो’ पुरेसा होता. बाईंनी आपण होऊन वाट काढून दिली होती. अनुदान मिळेल, थोरल्यास टाकी मिळेल, समितीचे नाव होईल, काचघरे चालू राहतील. गाई तर निघाल्याच होत्या. मग कोणाचे काय बिघडणार होते? हा विचार त्याने चार वेळा केला. चारही वेळा तो बिनचूक ठरला, आणि चारही वेळा त्याला पुन्हा फाटकापर्यंत जावे लागले.

इतक्यात पहिली गाय चढली. दुसरी तिच्यामागून मुकाट चढली. थोरला तिसरीच्या पाठीवर हात ठेवून तिला फळीकडे नेऊ लागला. तो तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता. काय, ते धाकट्यास ऐकू आले नाही. ऐकावे असे त्याला वाटलेही नाही. त्याने फोन लावला.

“बाई, चिठ्ठ्या बरोबर आहेत. अहवाल आहे तसाच पाठवा.”

“अहो, मग अर्ज बाद होईल. आणि लोक विचारतील, गोठ्याच्या वर राहतं कोण?”

“मी राहतो,” धाकटा म्हणाला.

तो ट्रकापाशी गेला.

“दादा, गाई उतरव. घाण माझ्याकडून येतेय. तुझ्याकडून नाही.”

व्यापाऱ्याचे हसू मावळले. वहिनीने दाव्याची पकड सैल केली. आता थोरला चारचौघांत आपली शोभा करील, कदाचित हातही उचलील, आणि ते योग्यच होईल, अशी धाकट्याने मनाची तयारी केली. थोरल्याने तिसऱ्या गाईचे तोंड फक्त गोठ्याकडे वळविले.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली, गुरं कुंपणापाशी पाण्याला तोंड लावत नाहीत. झऱ्यापाशीच पितात.”

“मग सभेत बोलला का नाहीस?”

“विचारलंत कुठे?” वहिनी म्हणाली. “तुम्ही आलात तेच मुळी कागद घेऊन.”

“अगं, राहू दे,” थोरला म्हणाला. तो ट्रकात चढून दुसरीचे दावे सोडवीत होता, आणि बोलताना त्याने धाकट्याकडे पाहिले नाही. “सभेत बोललो असतो, तर लोक तिथूनच उठून तुझ्या काचघरांवर गेले असते. गाईंचं काय, त्या दुसऱ्याच्या गोठ्यातही दूध देतात.”